ग्लुटराल्डिहाइडला जागं कधी करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात तुम्ही ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाचे ५० टक्क्यांचे ड्रम आणता, पातळ करून कॅनमध्ये भरता आणि विकता. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेलं आहे. ड्रमचे भाव चढले, तेव्हा माल इथेच बनवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जोडीला दोन तक्रारी आहेत. एका रुग्णालयात पोट तपासायच्या दुर्बिणीच्या (एंडोस्कोपच्या) नळीत तपकिरी थर धरतो आणि द्रावण आठवड्यात पिवळं पडतं. निफाडकडचा एक पोल्ट्रीवाला म्हणतो, थंडीत औषध लागूच पडत नाही. माल खराब आहे का, असा तुमचा संशय.

सातपूर-अंबडच्या प्रयोगशाळांमध्ये माल तपासण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीच जंतुनाशकांवर. ड्रम तपासायला हवाच, कसा ते शेवटी सांगतो. पण दोन्ही तक्रारी ऐकून मला ड्रमपेक्षा वापरावर जास्त संशय आहे. आणि दोन्हीचं मूळ एकच आहे, या रेणूचा स्वभाव.

पाच कार्बनांची सरळ साखळी आणि दोन्ही टोकांना आल्डिहाइड गट. शास्त्रीय नाव पेंटेनडायल, रेणुभार १००. मी शिकाऊ मुलांना सांगायचो, हे मांडूळ आहे, दोन्हीकडून तोंड. फरक इतकाच की मांडुळाचं दुसरं तोंड ही अफवा असते, याची दोन्ही तोंडं खरोखर चावतात. एक तोंड एका प्रथिनाच्या अमाइन गटाला, म्हणजे त्याच्या नायट्रोजनच्या टोकाला, धरतं, दुसरं शेजारच्या प्रथिनाला, आणि दोघं कायमची बांधली जातात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच. जीवाणूच्या आवरणातली, त्याच्या एन्झाइममधली प्रथिनं अशी जखडली की तो संपला. फॉर्माल्डिहाइडही प्रथिनं बांधतं, पण त्याचा पूल एका कार्बनाचा, तोकडा, आणि सावकाश बांधला जाणारा. हे काही मिनिटांत काम करतं. प्रयोगशाळेत अंड्याच्या पांढऱ्या बलकात थोडं टाकून बघा. बघता बघता पिवळट गोळा होतो. तो गोळा लक्षात ठेवा, दुर्बिणीच्या नळीपाशी परत येणार आहे.

शुद्ध ग्लुटराल्डिहाइड हे रंगहीन तेलकट द्रव असतं. उणे १४ अंशांना गोठतं, १८८ अंशांच्या आसपास उकळतं. पण शुद्ध स्वरूपात ते टिकत नाही, आपल्याच शेजाऱ्यांना चावून चिकट, काचेसारखं होत जातं. म्हणून बाजारात २५ किंवा ५० टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण येतं, सामू (pH) साधारण ३ ते ४ राखलेला. पाण्यातही फार थोडे रेणू मोकळ्या दुतोंडी रूपात असतात. बहुतेकांनी पाणी जोडून घेतलेलं असतं, नाहीतर मध्ये पाण्याचा रेणू धरून सहा अणूंचं कडं केलेलं असतं. आम्लात हा सगळा संसार झोपलेला असतो. म्हणूनच ड्रम सावलीत महिनोन्महिने राहू शकतो.

आता जागं करण्याची गोष्ट. प्रथिनावरचा अमाइन गट आम्लात प्रोटॉन घेऊन मूठ वळून बसतो, आल्डिहाइडला हात देत नाही. द्रावण किंचित अल्कली केलं, सामू ७.५ ते ८.५ वर नेला, की मूठ उघडते आणि जंतू मारण्याचा वेग एकदम वाढतो. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ०.३ टक्के खाण्याचा सोडा घातला की बीजाणूसुद्धा, म्हणजे जंतूंची कवचात झोपलेली चिवट रूपंही, मरतात, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं आणि तिथून ते रुग्णालयात शिरलं. कॅनसोबत जी अ‍ॅक्टिव्हेटरची पुडी किंवा बाटली देतात, तिचं काम हेच.

पण ज्या क्षणी सामू चढतो, त्याच क्षणी रेणू एकमेकांनाही चावायला लागतात. पुस्तकात घोकलेलं आल्डॉल कंडेन्सेशन ते हेच. साखळ्या वाढतात, मोकळी तोंडं कमी होतात, द्रावण पिवळं पडत जातं. ज्या गुणामुळे जंतू मरतात, त्याच गुणामुळे द्रावण म्हातारं होतं. म्हणून जागं केलेल्या द्रावणाचं आयुष्य साधारण १४ दिवस, काही खास मिश्रणांचं २८. तुमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र) असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. २८० नॅनोमीटरचं शिखर मोकळ्या आल्डिहाइडचं. २३५ ला दुसरं शिखर चढायला लागलं, की समजा साखळ्या वाढल्या.

यावरून एक सरळ सूचना. आधीच सोडा घालून भरलेले तयार कॅन कधीही विकू नका. गिऱ्हाईक म्हणतं, 'आम्हाला मिसळायचा ताप नको.' मोह होतो. पण अशा कॅनचं आयुष्य तुमच्या टेम्पोतच सुरू झालेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गाळ्यात तो ठेवलात तर रुग्णालयात पोचेपर्यंत अर्धा गेलेला असेल. रुग्णालयाचं द्रावण आठवड्यात पिवळं पडतं, त्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण अ‍ॅक्टिव्हेटर मोजून न घालणं. खाण्याच्या सोड्याऐवजी कपडे धुण्याचा सोडा वापरला तर सामू खूप वर जातो, आणि मग १४ दिवसांची आशा सोडा.

आता तपकिरी थर. हे ऐकल्यावर मी द्रावणाबद्दल विचारतच नाही. मी विचारतो, नळी बुडवण्याआधी धुतली कशी? काही वर्षांपूर्वी एका छोट्या रुग्णालयात याच तक्रारीसाठी गेलो होतो. नाव सांगत नाही. दुर्बीण रुग्णाच्या पोटातून बाहेर आली, वरून ओल्या कापडाने पुसली आणि थेट टबात. आतल्या बारीक नळीत चिकटलेलं रक्त आणि श्लेष्मा, म्हणजे शुद्ध प्रथिन, ते तिथेच बांधलं गेलं. तोच अंड्याचा गोळा, पण नळीच्या आत. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. महिन्याभराने ब्रश घातला तर खवलं निघाली, आणि त्या खवल्यांच्या खाली जंतू सुखरूप. औषधानंच त्यांना घर बांधून दिलं होतं. अंगण न झाडता सडा घातला तर केर भिजून बसतो, तसं.

क्रम असा हवा. वापर झाल्याबरोबर, सुकण्याआधी, एन्झाइम असलेल्या डिटर्जंटनं धुणं. नळीत ब्रश. सांधे उघडून, भाग सुटे करून. मग पाण्यानं खळखळून, आणि पाणी निथळू देणं, नाहीतर टबातलं द्रावण दररोज पातळ होत जातं. मगच बुडवणं, नळीत हवेचा बुडबुडा न राहता. तुमच्या मालाची बदनामी थांबवायची असेल तर कॅनसोबत मराठीत छापलेला एक कागद द्या, आणि त्यावर पहिली ओळ धुण्याची ठेवा.

वेळ आणि तापमानाचा घोळ इथेच निस्तरू. नीट धुतलेल्या वस्तूला २ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात, किमान २० अंश सेल्सिअसला, २० मिनिटं पुरेशी मानतात. काही कंपन्यांच्या लेबलवर २५ अंशांना ४५ मिनिटं असतं, कारण ती वेळ क्षयाचे जंतू समोर ठेवून, धुणं अर्धवट झालंय असं धरून काढलेली असते. बीजाणूंसकट सगळं मारायचं तर १० तास. २० मिनिटांना निर्जंतुकीकरण म्हणू नका, ते वरच्या दर्जाचं जंतुनाशन आहे. आणि जी वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, जाऊ शकते ती ऑटोक्लेव्हमध्येच जावी. तुमचा कॅन कमी विकला गेला तरी चालेल.

आणखी एक जागा, जिथे मी रुग्णालयाशी हमखास भांडतो. बाहेर काढल्यावर उपकरण कशानं धुता? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी पोटावरच्या भोकापाशी गाठ येते, पू येतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. आपल्या देशातल्या शल्यचिकित्सकांना हे चांगलं माहीत आहे. याचं कारण क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ, ते साध्या पाण्यात राहतात. त्यांतल्या काही जातींनी २ टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही दाद दिलेली नाही, ब्राझीलमध्ये त्यावरून मोठी साथ झाली होती. म्हणून शेवटचं खळखळणं निर्जंतुक पाण्यानं. नळाचं नाही, नुसतं उकळून गार केलेलंही नाही.

निफाडची तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण ती खरी नाशिकची आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो, पाच-सहा अंश, कधी त्याहूनही खाली. आणि आपण ज्या वेळा सांगतो त्या २० अंशांच्या. अशा रासायनिक क्रियेचा वेग दहा अंश उतरले की साधारण निम्म्यावर येतो. पोल्ट्रीवाला पहाटे पाचला, शेकोटीवरून उठून, शेडमध्ये फवारा मारत असेल तर रेणू थंडीनं सुस्तावलेले असतात. त्याला सांगा, थंडीत फवारणी दुपारी बाराच्या पुढे करा, जमीन आणि भिंती उन्हानं तापल्यावर, आणि वेळ वाढवा.

पण खरी अडचण बहुधा थंडी नसून तूस आहे. बॅच विकली गेली, की जुनं लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस, न काढता किंवा अर्धवट काढून वर फवारणी होते. विष्ठेतलं प्रथिन औषध पिऊन टाकतं. त्यात शेडमधला डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. अमोनिया हाही अमाइनच्याच घराण्यातला, आल्डिहाइडची तोंडं तोच पकडून बसतो. तेव्हा आधी लिटर पूर्ण बाहेर, मग झाडू, डिटर्जंटच्या पाण्यानं धुणं, वाळवणं, हवा खेळती ठेवणं आणि मग औषध. पक्षी आत असताना नाही. पोल्ट्रीसाठी नुसत्या ग्लुटराल्डिहाइडपेक्षा बेन्झालकोनियम क्लोराइडसोबतचं मिश्रण जास्त चालतं. ते पृष्ठभाग ओला करतं आणि जंतूचं आवरण सैल करतं, मग मांडुळाला आत शिरायला वाट मिळते. एक दिलासा द्या: बोअरच्या जड पाण्याचा याला फारसा त्रास होत नाही. आणि दाराजवळचं पाय बुडवायचं टाकं रोज बदला. चिखलानं काळं झालेलं टाकं म्हणजे नुसतं समाधान.

आता घरी बनवण्याबद्दल. स्पष्ट सांगतो, नाही.

प्रयोगशाळेत सायक्लोपेंटीन या पाच कार्बनांच्या कड्याला ओझोननं मधोमध कापलं की ग्लुटराल्डिहाइड मिळतं, हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टंगस्टिक आम्लाच्या उत्प्रेरकानं सायक्लोपेंटीन कापण्याची पद्धत उद्योगातही आहे. पण मुख्य रस्ता वेगळा. अ‍ॅक्रोलीन आणि व्हिनाइल ईथर यांचं डील्स-आल्डर जोडकाम करायचं, दाबाखाली आणि तापवून. त्यातून सहा अणूंचं डायहायड्रोपायरानचं कडं तयार होतं. ते आम्लयुक्त पाण्यानं उघडलं की एका बाजूला ग्लुटराल्डिहाइड, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल. अल्कोहोल उडवून काढायचं, उरलेलं द्रावण विकायचं. कागदावर तीन ओळी.

त्यातलं अ‍ॅक्रोलीन तुमच्या ओळखीचं आहे. कढईतलं तेल धुरावलं की डोळ्यांत पाणी आणणारी जी झणझणीत वाफ येते, त्यात ते असतं. शुद्ध अ‍ॅक्रोलीन ५३ अंशांना उकळतं आणि पहिल्या महायुद्धात ते विषारी वायू म्हणून वापरलं गेलं. जरा अल्कली लागली की धडाक्यानं पॉलिमर होतं, म्हणजे स्फोट. एथिल व्हिनाइल ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं आणि ठिणगीची वाटच पाहत असतं. हे दोन पदार्थ, दाबाचं भांडं, आणि शेजारच्या गाळ्यात कुणीतरी वेल्डिंग करतंय. मी तुमच्याशी पैशांचा हिशोबसुद्धा करणार नाही. ड्रम विकतच घ्या.

पातळ करण्यात मात्र काटकसर आणि अचूकपणा दोन्ही साधतात. १० लिटर २ टक्के द्रावणाला २०० ग्रॅम ग्लुटराल्डिहाइड लागतं, म्हणजे ५० टक्क्यांचं ४०० ग्रॅम. लोक ४०० मिलिलिटर मोजतात. पण ५० टक्क्यांच्या द्रावणाची घनता १.१३ च्या आसपास असते, म्हणजे दर १० लिटरला जवळपास ४५ मिलिलिटर जास्त जातं. वजनानं घ्या, मापानं नको. भांडी प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची. साध्या लोखंडाला हे आम्ल द्रावण खातं. आणि रुग्णालयातल्या उपकरणांसाठीचं जंतुनाशक परवान्याशिवाय भरून विकता येत नाही. तुमचा परवाना नेमका कशाचा आहे, तो काढून एकदा वाचा.

जिवाची काळजी. याचा वास सडक्या सफरचंदासारखा. हवेत ०.०४ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) आसपास वास यायला लागतो, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेनं कामाच्या जागी सुचवलेली कमाल मर्यादा ०.०५ पीपीएम. म्हणजे वास आला की तुम्ही उंबरठ्यावर आहातच. 'सवय झाली, आता वास येत नाही' हे वाक्य मी ऐकलं की खिडक्या उघडायला लावतो. एका ठिकाणच्या सिस्टरना वर्षभर सर्दी आणि घरघर असायची. दिवाळीत गावी गेल्या की बरी, परत आल्या की पुन्हा. टबाला झाकण नव्हतं आणि खोलीला पंखा होता, तोही हवा बाहेर न टाकता आतल्या आत फिरवणारा. हा दमा एकदा जडला की थोड्याशा वाफेनंही उठतो. टबाला झाकण, हवा बाहेर टाकणारा पंखा, नायट्राइल हातमोजे. लॅटेक्सच्या पातळ मोज्यातून ते झिरपतं. पोल्ट्रीत फवारणाऱ्यानं सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क घालावा. तोंडाला बांधलेल्या उपरण्यानं फक्त थेंब अडतात.

या दम्याच्या कारणानं ब्रिटनमधल्या बहुतेक रुग्णालयांनी ग्लुटराल्डिहाइड सोडलं. आपल्याकडेही मोठी रुग्णालयं ऑर्थो-थॅलाल्डिहाइडकडे वळली. तेही दुतोंडीच, पण दोन्ही तोंडं बेन्झीनच्या कड्यावर शेजारी शेजारी. ०.५५ टक्के पुरतं, जागं करावं लागत नाही, २० अंशांना १२ मिनिटं. वाफ कमी, पण कातडीला आणि नीट न धुतलेल्या नळीला करडा रंग चढतो. खोटं लपत नाही, हा मी त्याचा गुणच समजतो. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना वारंवार वापरायच्या दुर्बिणीला मात्र ते चालत नाही, तीव्र अ‍ॅलर्जीचे प्रकार झालेले आहेत.

तुम्ही विचारलंत, आणखी कुठे खपेल. माझं मत, रुग्णालयापेक्षा कूलिंग टॉवर बघा. अंबड, सातपूर, सिन्नरला टॉवर कमी नाहीत, आणि त्यातला बुळबुळीत थर हा कायमचा त्रास. तिथे ग्लुटराल्डिहाइड चालतं, क्लोरीनसारखं धातूला खात नाही. फक्त एकाच वेळी दोन्ही टाकू नका. चामड्याच्या उद्योगात हे टॅनिंगला वापरतात, घाम सोसणारं मऊ चामडं होतं, पण ती गिऱ्हाइकी आपल्याकडे नाही. क्ष-किरणाची फिल्म धुण्याच्या रसायनात ते असायचं, तो धंदा डिजिटलनं खाल्ला. पेनिसिलिनपासून नवी औषधं करायला लागणारं एन्झाइम मण्यांवर बांधायलाही हेच वापरतात.

थोडकं पण चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नमुने करणारे. १९६३ पासून पेशी जशीच्या तशी थिजवायला ते हेच वापरतात, बहुतेकदा २.५ टक्के, बफरमध्ये. द्राक्षाच्या पानावरचा केवडा आतून कसा पसरतो ते बघायचं असेल तर पान आधी यात बुडवावं लागतं. त्यांना २३५ चं शिखर नसलेला ताजा माल लागतो. आणि मला अजून नवल वाटतं ते हृदयाच्या झडपांचं. डुकराच्या झडपेला पातळ ग्लुटराल्डिहाइडनं बांधून माणसात बसवण्याचं काम १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे हृदयशल्यचिकित्सक आलँ कार्पांतिए यांनी मार्गी लावलं. नुसती झडप शरीरानं टिकू दिली नसती. बांधलेली वर्षानुवर्षं चालते, फक्त उरलेल्या मोकळ्या तोंडांपाशी हळूहळू चुना धरतो.

वापरून संपलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. थोडं असेल तर निसर्गातले जंतू त्याला पचवतात, पण टबभर गेलं तर सांडपाणी शुद्ध करणारे जंतूच मरतात. अंबड-सातपूरच्या नाल्यांतून नासर्डी आणि पुढे गोदावरी, वाट तुम्हाला माहीत आहे. ग्लायसिन किंवा सोडियम बायसल्फाइट घालून तासभर ठेवा. ग्लायसिनमध्ये अमाइन असतो, म्हणजे मांडुळाच्या तोंडात बोळा. नारिंगी-तपकिरी रंग येतो, तो घाबरण्याचा नाही.

आता ड्रम. सामू मोजा, ३ ते ४.५ च्या बाहेर असेल तर तिथेच शंका. मग २ ग्रॅम नमुना वजन करून त्यात जास्तीचं हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घाला, अर्धा तास झाकून ठेवा. प्रत्येक आल्डिहाइडमागे एक हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते १ नॉर्मल कॉस्टिकनं ब्रोमोफिनॉल ब्लूवर टायट्रेट करा, कोरा नमुनाही घ्या आणि त्याचं वजा करा. १ मिलिलिटर कॉस्टिक म्हणजे ०.०५ ग्रॅम ग्लुटराल्डिहाइड. ड्रम खरा ५० टक्के असेल तर २० मिलिलिटर लागायला हवं. १८ लागलं तर पुरवठादाराशी बोला. २० लागलं तर रुग्णालयाला भेट द्या, खिशात थर्मामीटर आणि टेस्ट स्ट्रिपची डबी घेऊन. १.५ टक्क्यांखाली गेलेलं द्रावण १४ दिवस झाले नसले तरी फेकायचं. आणि सिस्टरना विनंती करा, 'एक दुर्बीण माझ्यासमोर धुऊन दाखवा.'